श्री. दोडका यांस

मराठी मध्यमवर्गीय घराचं दार माणसांच्या बाबतीत फार कडक असतं. आधी पीपहोलला डोळा, मग सेफ्टी डोअरच्या जाळीआडून "कोण पाहिजे?" आणि आवाज अनोळखी वाटला तर "ते घरात नाहीत." यातून पार पडून जो आत येतो, त्यालाही पाणी मिळेपर्यंत सोफ्याच्या कडेवरच टेकावं लागतं. कागदाला मात्र कोणी काही विचारत नाही. तो पेपराच्या पोटात बसून येतो, दाराच्या कडीत गुंडाळी होऊन येतो, खाली जिन्याजवळच्या पत्र्याच्या पेटीत येतो, आणि कुरिअरने आला तर वर आपलीच सही घेऊन येतो. एकदा आत शिरला की टीव्हीखाली, फ्रिजवर, टेलिफोन गेल्यापासून रिकाम्या पडलेल्या स्टँडवर असा कायमच्या मुक्कामाला राहतो.

डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत ऋतू ओळखायला पंचांग लागत नाही. मार्चमध्ये करबचत, एप्रिलमध्ये उन्हाळी शिबिरं आणि अबॅकस, जूनमध्ये गच्चीची गळती थांबवणारे, भाद्रपदात उकडीच्या मोदकांची ऑर्डर घेणारे, दिवाळीत फराळवाले. त्याच दिवाळीत भावी नगरसेवकांकडून उटण्याची पुडी येते. पुडीवरचा फोटो उटण्यापेक्षा मोठा असतो. गुडघेदुखी, वॉटर प्युरिफायर, सोफा जागेवर धुऊन मिळेल आणि मुरबाडजवळ निसर्गाच्या कुशीत प्लॉट, हे चार विषय बारमाही. प्लॉट नेहमी स्टेशनपासून पाच मिनिटांवर असतो. कुठल्या स्टेशनपासून आणि कशात बसून, ते पत्रकात नसतं.

हे सगळं थांबवायचं, असं मी एका रविवारी घरात जाहीर केलं. आनंद होईल अशी अपेक्षा होती, पण दोन्ही बाजूंनी विरोध झाला.

आईच्या मते छापलेला कागद म्हणजे सरस्वती. तो टाकायचा नाही, ओलांडायचा नाही, चुकून पाय लागला तर नमस्कार करायचा. ती स्वतः हे इतकं काटेकोर पाळते की मूळव्याधीवर बिनाऑपरेशन इलाज करणाऱ्या एका दवाखान्याच्या पत्रकाला मी तिला दोन्ही हात जोडताना पाहिलेलं आहे.

बायकोचा मुद्दा आर्थिक होता. पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा चिमट्यात लावून त्यावर दुधाचा हिशेब, वाण्याची यादी, इस्त्रीच्या कपड्यांची मोजणी असा संसार ती वर्षानुवर्षं चालवते आहे. तिची तक्रार कागद येतो ही नव्हतीच. "अहो, पूर्वीची पत्रकं बरी होती. एका बाजूला छापलेली, खरखरीत. आता दोन्ही बाजूंनी छापतात आणि कागद इतका गुळगुळीत की पेन घसरतं. तुम्हाला लिहायचंच असेल तर त्यांना तेवढं लिहा."

रद्दीवाल्याचंही जवळपास हेच म्हणणं. वर्तमानपत्राला एक भाव, चकचकीत कागदाला त्याहून कमी, आणि प्लास्टिकची खिडकी असलेली पाकिटं तर तो ताजव्याला लावूच देत नाही. म्हणजे घरात फुकट आलेली ही वस्तू फुकटसुद्धा बाहेर जात नव्हती.

सुरुवात पेपरवाल्यापासून केली. पहाटे चारच्या सुमाराला स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर गठ्ठे सुटतात. मुख्य अंकात पुरवणी, पुरवणीत पत्रक असं भरण्याचं काम इतक्या वेगाने चालतं की बघणाऱ्याचा हात दुखावा. पत्रकं टाकण्याचे पैसे विक्रेत्याला हजारी दराने मिळतात. मी त्याला म्हटलं, आमच्या अंकातली तेवढी काढून टाकत जा. तो म्हणाला, "साहेब, पेपर टाकून मी पोरगा शिकवतोय असं वाटतं का तुम्हाला? पोरगा पत्रकांवर शिकतोय." तरीही माणूस भला. दुसऱ्या दिवशी आमचा अंक खरोखरच पत्रकांशिवाय आला, आणि पुरवणीशिवायही आला. पत्रक पुरवणीत होतं, तेव्हा पोराने पुरवणीसकट ओढून काढलं होतं. पुरवणीत आईचं शब्दकोडं असतं. ते नसल्यावर आमच्या घरी दुपार कशी जाते हे सांगण्यात अर्थ नाही. तिसऱ्या दिवशी तह झाला आणि शब्दकोड्याच्या बदल्यात मुरबाडचे प्लॉट पूर्ववत सुरू झाले.

मग टपाल खातं. पत्र नको असेल तर ते न फोडता त्यावर 'घेण्यास नकार' असा शेरा लिहून पोस्टमनकडे परत देता येतं. न मागितलेल्या क्रेडिट कार्डांचं स्वागत करणाऱ्या पाकिटांवर मी मोठ्या उत्साहाने हा शेरा लिहायला लागलो. पोस्टमन गेली अनेक वर्षं आमच्या भागात आहेत. त्यांनी शांतपणे सांगितलं, "तुम्ही नकार लिहिलात की मी हे ऑफिसात नेणार, तिथे त्याची नोंद होणार आणि मग ते उलटं मुंबईला जाणार. म्हणजे ह्याला दोन्हीकडचा प्रवास. तुम्हाला नको आहे ते कळलं, पण माझ्या पिशवीने तुमचं काय बिघडवलंय?" मला उत्तर सुचलं नाही. पाठवणाऱ्यांना मात्र सुचलं. टपाल परत येतंय असं दिसताच त्यांनी तेच पाकीट कुरिअरने पाठवायला सुरुवात केली.

पत्त्याच्या बाबतीत ही मंडळी कधी चुकत नाहीत, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. आपल्याकडे पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. तो रचणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते. सहा आकड्यांतला पहिला विभागाचा, म्हणजे ४ म्हटलं की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड, आणि शेवटचे तीन थेट त्या त्या पोस्ट ऑफिसचे. सारख्या नावाच्या गावांत आणि नाना लिप्यांत हरवणारं टपाल नेमकं पोचावं हा त्यामागचा हेतू. आमच्याकडे लग्नाची पत्रिका आहेर परत आल्यावर येते. क्रेडिट कार्डाचं पाकीट मात्र आजवर एकदाही शेजाऱ्यांकडे गेलेलं नाही. छंदात अक्षर चुकू नये, तशी काळजी कवीने घेतली होती. तिचा फायदा कोण घेणार हे त्यांना कुठून माहीत असणार?

सगळ्यात जाडजूड टपाल वडिलांच्या नावाने यायचं. ऐंशीच्या दशकात कचेरीतल्या मित्रांनी घेतले म्हणून त्यांनीही चार कंपन्यांचे थोडे थोडे शेअर घेतले होते. कागदी प्रमाणपत्रं, कपाटात, नॅप्थलीनच्या गोळ्यांसह. लाभांश इतका की त्यात रिक्षाने स्टेशनपर्यंत जाता येईल, परत चालत यावं लागेल. पण वार्षिक अहवाल मात्र दिवाळी अंकाच्या जाडीचा, आर्ट पेपरवर. २०११ मध्ये केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने हे अहवाल ईमेलने पाठवायची मुभा दिली. तेव्हापासून कंपन्यांना झाडांची काळजी वाटू लागली आणि 'कागद वाचवण्यासाठी आपला ईमेल कळवा' अशी पत्रं येऊ लागली. पत्र आर्ट पेपरवर, सोबत फॉर्म, सोबत उत्तराचं पाकीट.

वडील जाऊन आता काही वर्षं झाली. ईमेल कळवायचा तर आयएसआर-१ हा फॉर्म, त्यावर भागधारकाची सही. सही जुळत नसेल तर बँकेकडून साक्षांकन, त्याला आयएसआर-२. वारस नेमायचा तर एसएच-१३, नेमायचा नसेल तर नेमायचा नाही हे सांगायला आयएसआर-३. आणि भागधारकच राहिला नसेल, तर शेअर वारसाच्या नावावर करायला आयएसआर-५, मृत्यूचा दाखला, आणखी पुरावे. एका अहवालाला 'येऊ नकोस' म्हणायला लागणारा कागद मी तराजूत घालून पाहिला नाही. घालायचा असता तर रद्दीवाल्याला बोलवावं लागलं असतं आणि त्याने भाव विचारला असता.

हे सगळं करून एका कंपनीचं काम पूर्ण झालं. शेअर आईच्या नावावर झाले. आता फक्त तिचा ईमेल म्हणून माझा पत्ता दिला की संपलं, असं म्हणत मी फॉर्म तिच्यासमोर ठेवला. तिने पेन बाजूला ठेवलं. ती दर वर्षी अहवालातले संचालकांचे फोटो बघते, हे मला तेव्हा कळलं. "हा मधला बघ, गेल्या वर्षी किती भरलेला होता, आता चेहरा उतरलाय. काहीतरी दुखणं असणार." मग म्हणाली, "ह्यांना इतकी वर्षं 'माननीय भागधारक' म्हणून पत्र येत होतं. आता कुठे मला येणार, तर तुला ते बंद करायचंय?" अहवाल येतो. संचालकांची तब्येत आता सुधारते आहे.

पत्रावर नाव असतं, तेव्हा ते नाव कुणीतरी कुणालातरी दिलेलं असतं. हे शोधायची युक्ती भाच्याने सांगितली. दुकानात, मॉलमध्ये, प्रदर्शनात जिथे फॉर्म भरून घेतात, तिथे दर वेळी वडिलांच्या नावाच्या जागी वेगळी भाजी लिहायची. म्हणजे पुढे पत्र आलं की भाजीवरून दुकान कळेल. साडीच्या दुकानातल्या सोडतीत मी शेपू लिहिलं, जिमच्या फुकट चाचणीत पडवळ, आणि गाड्यांच्या एका शोरूममध्ये दोडका. आईला हे कळल्यावर तिने एकच प्रश्न विचारला. "तुझ्या वडिलांचं नाव काय दोडका होतं?"

शेपूला काहीच आलं नाही. साडीवाला सज्जन निघाला. पडवळाला जिमकडून एक पत्र आलं आणि त्यांनी नाद सोडला. दोडका मात्र गावभर गेला. कुठल्याशा संगणकाने मधलं नाव हेच आडनाव धरलं आणि 'प्रिय श्री. दोडका' अशी पाकिटं सुरू झाली. आधी त्यांना नव्या गाडीसाठी कर्ज मंजूर झालं. मग घरासाठी. मग घरात ठेवायला फर्निचर, मुलांच्या परदेशी शिक्षणासाठी मार्गदर्शन, मग निवृत्तीचं नियोजन, संपूर्ण शरीर तपासणी, गुडघ्याचं शिबिर आणि शेवटी कानाचं यंत्र. गृहस्थ आमच्या डोळ्यांदेखत म्हातारे झाले. बायको तर त्यांच्याबद्दल हळवी झाली होती. "कर्ज फिटलं असेल का हो त्यांचं?"

२०२३ साली आपल्याकडे वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. कागदावर दिलेली माहिती पुढे संगणकात गेली की तिलाही तो लागू होतो, आणि दिलेली संमती मागे घेण्याची त्यात तरतूद आहे. त्याचा दाखला देऊन मी शोरूमला लिहिलं की, श्री. दोडका यांचं नाव यादीतून काढावं. उत्तर तत्परतेने आलं. नाव काढण्यास हरकत नाही, मात्र विनंती स्वतः श्री. दोडका यांच्या सहीने यावी आणि सोबत त्यांच्या आधार कार्डाची प्रत जोडावी. सोबत नव्या मॉडेलचं माहितीपत्रक होतं.

फोनचं बरं आहे. दूरसंचार नियामकाने नको असलेल्या कॉलसाठी नोंदवही काढली, १९०९ हा क्रमांक ठेवला. बँका नकोत, घरं नकोत, शिक्षण नको, की सगळंच नको, हे तिथे निवडून सांगता येतं. कागदासाठी असा कुठला क्रमांक नाही. माझी भाची अ‍ॅमस्टरडॅमला असते. तिच्याकडे २०१८ पासून असा नियम आहे की टपालपेटीवर होकाराचं स्टिकर लावलं असेल तरच बिननावाची जाहिरात आत टाकायची. स्टिकर नाही, म्हणजे नकार. तिकडे गप्प बसण्याचा अर्थ 'नको' होतो. आपल्याकडे पंगतीत जो गप्प बसला त्याच्या पानात जिलबी पडते, त्यामुळे आपल्याला बोलावंच लागणार. मी पेटीवर पांढऱ्या कागदावर लिहून चिकटवलं: 'कृपया जाहिराती टाकू नयेत.'

दोन दिवसांनी पेटीत सोसायटीच्या सेक्रेटरींचं पत्र पडलं. सामाईक मालमत्तेवर समितीच्या परवानगीविना मजकूर चिकटवल्याबद्दल खुलासा मागवला होता. खाली 'प्रत माहितीसाठी: सर्व सभासद'. माझ्या कागदामुळे इमारतीतल्या प्रत्येक पेटीत एक कागद जास्त पडला. तो एका बाजूने कोरा असल्याने आमच्या घरात त्याचं स्वागत झालं.

पत्रकं टाकणारा मुलगा मात्र माझा मजकूर वाचून थबकला होता. कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी ही कामं, दुपारी कॉलेज. म्हणाला, "काका, तुमचं बरोबर आहे. पण सुपरवायझरला प्रत्येक पेटीचा पत्रकासकट फोटो पाठवायचा असतो." आता आमची पद्धत बसली आहे. तो पत्रक अर्धं आत घालतो, फोटो काढतो, परत ओढून घेतो आणि शेजारच्या पेटीत टाकतो. शेजारच्यांनी कुठलाही मजकूर चिकटवलेला नाही.

शेवटी उरली निवडणुकीची पत्रकं. ह्या सगळ्या पसाऱ्यात तेवढी एकच जात अशी, की जिला कायद्याने स्वतःचा पत्ता सांगावा लागतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७-क. मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं-पत्ते नसतील तर निवडणुकीचं पत्रक छापता येत नाही. छापलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुडघेवाले, प्लॉटवाले नुसता मोबाइल नंबर देऊन मोकळे होतात. इथे मात्र तळाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत का होईना, पत्ता सापडला. विधानसभेच्या वेळी मी प्रकाशकाला सभ्य भाषेत पत्र लिहिलं की, आमच्या घरात चार मतं आहेत, चौघांचंही ठरलेलं आहे, तरी कृपया पत्रकं पाठवू नयेत.

आजवर इतक्या जणांना लिहिलं, पण घरी येऊन पोच देणारा हा पहिलाच. संध्याकाळी एक कार्यकर्ता दारात. हातात माझं पत्र आणि एक वही. "दादांनी मुद्दाम पाठवलं. चार मतं एका घरात, आणि तुम्ही नाराज, असं चालणार नाही." पीपहोल, जाळी, 'घरात नाहीत' हे सगळं बाजूला सारून तो आत आला आणि सोफ्याच्या कडेवर न टेकता मधोमध बसला. पत्रकांचा विषय त्याने वहीत लिहून घेतला. मग आईच्या पाया पडला, तिला आजी म्हणाला, गुडघे कसे आहेत विचारलं, जन्मतारीख विचारली. मी डोळ्यांनी खुणावत होतो. आईने तिथी आणि तारीख दोन्ही सांगितल्या. वर सुनेची सांगितली. "आमच्याकडे आणखी एक असतात, श्री. दोडका," असं बायकोने का म्हणावं हे मला अजून कळलेलं नाही. त्याने तेही लिहून घेतलं.

आईच्या वाढदिवसाला कार्ड आलं. टपालाने आलं नाही, कार्यकर्त्याने स्वतः आणून दिलं, सोबत अर्धा किलो पेढे. कार्डावर आईचं नाव पूर्ण आणि शुद्ध होतं, र्‍हस्वदीर्घासकट. तिने ते शोकेसमध्ये लावलं. बायकोच्या वाढदिवसालाही आलं. तिने आधी उलटं करून पाहिलं. मागची बाजू कोरी, कागद खरखरीत, शाई धरणारा. संक्रांतीला तिळगुळाच्या पुडीसह शुभेच्छापत्र आलं, त्यावर 'श्री. दोडका व परिवार' असं होतं. त्यांना परिवार आहे हे कळल्यावर सगळ्यांनाच बरं वाटलं.

परवा अ‍ॅमस्टरडॅमहून भाचीने फोनवर विचारलं, तुझ्या मोहिमेचं काय झालं? तिला मी खरं तेच सांगितलं. आमच्याकडे टपाल पूर्वीइतकंच येतं. नको असलेलं मात्र जवळजवळ बंद झालंय.